मडगार्डच्या आतला हात

चंद्रावतीला नीट मांडी घालून बसलेली पाहिलेला माणूस कोरगावात शोधून सापडायचा नाही. पंगतीला बसली तरी तिचा एक गुडघा उभा. पलीकडे कुणी मीठ मागितलं की वाढप्याच्या आधी हीच उठायची. त्यात गेल्या कार्तिकात नवऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि तिच्या पायाला भिंगरीच लागली. पहाटे उठून त्याचं तोंड धुवायचं, तेल लावून हातपाय चोळायचे. पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की उंडे घ्यायला फाटकाशी धाव. उंडा चहात बुडवून भरवायचा, ते अर्ध्यावर टाकून आंघोळीचं पाणी बघायचं, पाणी उकळत ठेवून देवाला फूल घालायचं. एक ना धड, भाराभर चिंध्या. सून सुविधा म्हणायची, आई, जरा बसा. "बसून काय होतलां?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

खरी गोष्ट अशी होती की बसली, की तिला ती टकटक ऐकू यायची.

कृष्णनाथ ओसरीवर चाकांच्या खुर्चीत असायचा. उजवा हात मांडीवर ठेवला तसा पडून राही. वाचा गेली होती. डोळे मात्र पूर्वीचेच, तापट, आणि डावा हात शाबूत. हा शाबूत हात दिवसभर खुर्चीच्या नळीवर वाजत असे. टक् टक्. जरा थांबून पुन्हा टक् टक्. इस्पितळात खाटेच्या दांडीवर वाजायचा, घरी खुर्चीवर, जेवताना हातातल्या चमच्यानं, कुलेरीनं, ताटलीवर. चंद्रावतीनं पाणी पुढं केलं, त्यानं तोंड फिरवलं. लघवीचं भांडं आणलं, ते नको. पंखा लावला, बंद करायला लावला. खिडकीचं जनेल उघडलं, लावून घेतलं. टीव्ही सुरू केला तर डोळे मिटून घेतले. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, अशा माणसांचा चांगला हात उगाच हलत राहतो, मनावर घेऊ नका. चंद्रावतीनं घेतलंच. तीन महिने ती टकटक ऐकून तिच्या डोक्याचा पत्रा झाला होता.

आणि समोर अंगणात, माटवाखाली म्हणजे मांडवाखाली, ती पिकप उभी होती.

पिकपची गोष्ट सांगायची तर कृष्णनाथाची सांगावी लागते. हा माणूस टिंकर. आपटलेल्या, चेपलेल्या गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारा. उमेदीची वर्षं डिचोलीच्या एका गॅरेजात खाणीच्या ट्रकांवर गेली, रविवारी घरी अंगणात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या. खाणी बंद पडल्या तसं गॅरेजही बसलं, तेव्हा हातोड्या पोत्यात घालून तो कायमचा घरी आला. येताना डिचोलीकडच्या एका जमीनदार भाटकाराच्या गोठ्यात सडत पडलेली ही पिकप घेऊन आला. छपन्न साली बोटीतून मुरगावला उतरलेली, गोल मडगार्डांची, मागे लाकडी फाळक्याची. तेव्हा तिच्या टपाखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं चंद्रावती तेव्हा म्हणाली, आणि पदर खोचून गाडीखाली शिरली.

शिरली म्हणजे खरोखरच शिरली. पत्रा सरळ करायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोडी मारतो. दुसऱ्यानं आतून, बरोबर त्याच जागी, लोखंडाचा ठोकळा धरायचा असतो. त्याला डॉली म्हणतात. ठोकळा नसेल तर पत्रा नुसताच आत जातो. चंद्रावती अंगानं काटकुळी, मडगार्डच्या पोटात, दाराच्या सांध्यात कुठंही मावायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मदतनीस आला नाही म्हणून नवऱ्यानं तिच्या हातात ठोकळा दिला, तो तीस वर्षं सुटला नाही. गावातल्या बायकांनी प्रथम तोंडाला पदर लावला, मग त्यांनाही सवय झाली.

हातोडीच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, आणि आतली बाई बाहेरच्याला दिसत नाही. म्हणून त्या दोघांनी ठोक्यांची भाषा करून घेतली होती. चंद्रावती ठोकळ्यानं आतून पत्र्याला ठोका द्यायची. एक ठोका म्हणजे मार. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे पुढं सरक. पत्रा कुठं वर आला, कुठं ताणला, कुठं आता एक जरी घाव बसला तर फुगेल, हे आतल्या तळहाताला कळतं. कृष्णनाथ हा गावात कुणाचं न ऐकणारा माणूस. देवळाच्या बैठकीतून दोनदा तावातावानं उठून आलेला. पण मडगार्डच्या आतून दोन ठोके आले की त्याची वर गेलेली हातोडी वरच्या वर थांबायची. सगळ्या जगात तेवढ्याच एका जागी तो बायकोचं ऐकायचा, आणि चंद्रावती ही गोष्ट माहेरी गेल्यावर सांगायचीसुद्धा.

वाचणाऱ्याला एव्हाना उजाडलं असेल. चंद्रावतीला उजाडलं नव्हतं, आणि तिला वेड्यात काढण्याचं कारण नाही. तीस वर्षं ठोके देणारी तीच होती. तिच्याकडं ठोका कधी आलाच नव्हता. पोस्टमन जन्मभर दुसऱ्यांच्या दारात पत्रं टाकतो. आपल्या नावाचं एखादं त्याच पिशवीत असेल हे त्याच्या मनातही येत नाही.

तर पिकप. पाच वर्षांत कृष्णनाथानं तिचा पत्रा न् पत्रा सरळ केला होता. बॉनेट, दोन्ही दारं, टप, पुढची मडगार्डं. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडला, पण पुट्टी म्हणून कुठं बोटभर भरली नाही. खड्डा ठोकून काढण्याऐवजी पुट्टीनं बुजवणाऱ्याला तो चोर म्हणायचा, आणि ते त्याच्या तोंडावर म्हणायचा. उरलं होतं फक्त डावं मागचं मडगार्ड. ते खोलून लाकडी घोडीवर चढवलं, त्याच दिवशी दुपारी जेवताना त्याच्या हातातला घास गळून पडला.

मुलगा साईश तुयेला कारखान्यात सुपरवायझर. वाईट मुलगा नव्हे. बापाला उचलून न्हाणीत नेणारा तोच. पण त्याचं म्हणणं सरळ होतं. बाबा आता हातोडी धरणार नाहीत, गाडी माटवाखाली गंजणार. त्यापेक्षा हरमलच्या गौरेशला देऊन टाकू. गौरेशचं समुद्रावर हॉटेल. त्याला ही पिकप दारात उभी करायची होती, मागच्या हौद्यात मेज मांडून, म्हणजे पर्यटक तिच्यात बसून फोटो काढतील. येत्या रविवारी तो क्रेन घेऊन येणार होता.

चंद्रावती 'नको' म्हणाली नाही आणि 'हो'ही म्हणाली नाही. तिला एवढंच हवं होतं की ज्याची गाडी त्यानं सांगावं. एक हो, नाहीतर एक नाही. तिच्या मनानं घेतलं होतं की हे न विचारता गाडी फाटकाबाहेर गेली तर मागोमाग हा माणूसही जाईल. या माणसाला धरून ठेवणारं अंगणात दुसरं काही नव्हतं. ती भीती तिनं कुणाला बोलून दाखवली नाही. ती दिवसातून दहा वेळा त्याच्यासमोर जाऊन उभी राही, गाडीकडं बोट दाखवून विचारी, आणि उत्तराला थांबण्याआधीच चुलीवरचं उतू जातंय म्हणून पळे. परत येई तेव्हा त्याची नजर दुसरीकडं असे आणि हात नळीवर वाजत असे.

मंगळवारी ती देवळात जाऊन कौलसुद्धा लावून आली. प्रश्न तिनं इतका गुंतवून विचारला की डावीकडची पाकळी पडली तेव्हा त्याचा अर्थ गाडी द्यावी असा की ठेवावी असा, यावर गाऱ्हाणं घालणारा आणि पुजारी यांच्यातच जुंपली. ती नारळ उचलून घरी आली. देवानं निदान पाकळी तरी सोडली, नवरा तेवढंही सोडत नाही, असं सुनेला म्हणाली.

गुरुवारी गौरेश गाडी नजरेखालून घालायला आला. गोड बोलणारा, तीस-बत्तिशीचा. ओसरीवर येऊन कृष्णनाथाच्या पाया पडला, मग गाडीभोवती फिरला. घोडीवरच्या मडगार्डला दोन मोठे खड्डे आणि एक लांब चेप होती. ते बघून त्यानं साईशला हसत सांगितलं की याचं काही टेन्शन नको, माझा पेंटर पुट्टी भरील आणि वरून सूर्यफुलं काढील.

चंद्रावती चहा घेऊन येत होती. ती दारातच थांबली. चहा तिनं दिला, पण साखर घालायला विसरली, की घातलीच नाही, ते तिलाच ठाऊक.

ती रात्र तिनं कूस बदलत काढली. शुक्रवारी साईश कामावर गेला तशी ती माटवात गेली आणि पोत्यातून हातोडी काढली. काय करणार होती, तिलाही सांगता आलं नसतं. गाडी थांबवायचं तिच्या हातात नव्हतं, नवऱ्याला बोलतं करायचं नव्हतं. पण पुट्टी भरू न देणं हे हातातलं होतं. तिनं सुविधाला हाक मारून ठोकळा तिच्या हाती दिला आणि आतून कुठं धरायचा ते दाखवलं. सुविधा बिचारी भांडी टाकून आली, मडगार्डच्या मागं उकिडवी बसली आणि डोळे गच्च मिटून ठोकळा धरला.

चंद्रावतीनं पहिला घाव घातला. हातोडी घसरली. दुसरा बसला, पण तिरका. ओसरीवरून आवाज आला. टक् टक्.

"येतंय, येतंय," म्हणत ती हातोडी टाकून गेली, पाण्याचा पेला तोंडाशी धरला. कृष्णनाथानं डाव्या हातानं पेला असा उडवला की पाणी तिच्या लुगड्यावर. तीन महिन्यांत त्यानं असं केलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी डोकंही तापलं. ती परत गेली आणि रागारागानं त्याच जागेवर घाव घालत सुटली. टक् टक्. तिनं ऐकलं नाही. टक् टक्, टक् टक्. आता त्याच्या हातात कुलेर होती, नळीवर खणखणत होती. तिनं आणखी एक घाव घातला आणि पत्रा फुगला. बोटानं दाबला की आत, सोडला की बाहेर. ताणला होता.

ती हात मागं घेऊन उभी राहिली. थांबायला हवं होतं हे तिला आता कळलं. दोन घाव आधी थांबायला हवं होतं. आतून कुणी सांगितलं असतं तर.

ओसरीवर शांत होतं. तिनं हातोडी खड्ड्याच्या कडेला, चार बोटं डावीकडं नेली, नुसती टेकवली. मागून, ओसरीवरून, तीन ठोके आले. तिनं आणखी जरा सरकवली.

टक्.

एकच. तिनं मागं वळून न बघता घाव घातला, हलका. टक्. पुन्हा घातला. टक्. तिसऱ्या घावानंतर दोन आले, आणि तिची वर गेलेली हातोडी वरच्या वर थांबली.

"आई," मडगार्डमागून मान काढून ओसरीकडं बघत सुविधा म्हणाली, "बाबांचां पळयात."

चंद्रावती ओसरीपर्यंत गेली कशी ते तिला आठवत नाही. खुर्चीसमोर ओल्या जमिनीवरच ती गुडघे टेकून बसली. तापट डोळे तिच्याकडं बघत होते, आणि इतके दिवस कुठल्या येड्याच्या बाजारात होतीस असं विचारत होते.

"तुमी माका सांगतास?"

टक्.

"पाणी होया?"

टक् टक्.

तिला हसू आलं, आणि हसता हसता हुंदका. तीन महिने हा माणूस बोलत होता. सगळ्या घरात ती भाषा येणारी एकटी हीच, आणि हीच पेले आणि भांडी नाचवत होती. तिनं लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं. मग, पुन्हा धीर होणार नाही म्हणून, लगेच विचारलं.

"गाडी गौरेशाक देवची?"

हात नळीवर तसाच राहिला. त्यानं मान वळवून माटवाकडं बघितलं, बॉनेटकडं, दारांकडं, बराच वेळ. चंद्रावती दोन ठोक्यांची वाट बघत होती. ते आले की साईशला काय सांगायचं, गौरेशला कसं वाटेला लावायचं, सगळं तिच्या मनात तयार होतं.

टक्.

तिला वाटलं, दुसरा यायचा राहिला. ती थांबली. आला नाही. तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा एकच. तेव्हा तिला राग आला, अगदी खरा राग. ज्या गाडीपायी ती मुलाला हो म्हणत नव्हती, देवाला कोड्यात टाकून आली होती, ती यानं एका बोटानं देऊन टाकली. म्हणजे गाडी गेली तर हा जाईल, ही भीती याची नव्हतीच. तिची एकटीची होती.

"तशीच देवची? पुट्टी भरून?"

टक् टक्. टक् टक्. कुलेर वाकली.

शनिवारी साईशला सुट्टी होती. आईनं सांगितलं ते त्याला प्रथम खरं वाटलं नाही. त्यानं स्वतः विचारून बघितलं, "बाबा, मी कोण? गौरेश?" दोन ठोके. "साईश?" एक. मग तो परसात गेला आणि बऱ्याच वेळानं डोळे लाल करून आला. त्यानं खुर्ची उचलून माटवात नेली, घोडी तिच्या उंचीला आणली. कृष्णनाथाला मडगार्डच्या आतल्या बाजूला बसवलं आणि ठोकळा त्याच्या डाव्या हातात दिला. चंद्रावती बाहेर उभी राहिली.

तीस वर्षांत ती या बाजूला कधी उभी राहिली नव्हती. गाडीचा प्रत्येक पत्रा तिला ठाऊक होता तो पोटाकडून. बाहेरून बघितलं तर नुसता राखाडी खड्डा, काही सांगत नाही, काही दाखवत नाही. किती जोरानं मारायचं, कुठं थांबायचं, काही कळायला मार्ग नाही. म्हणजे हा माणूस इतकी वर्षं आंधळ्यासारखाच मारत होता, आणि तिच्या ठोक्यांवर विसंबून होता. हे तिला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं, आणि तिनं हातोडीवरची पकड जरा सैल केली.

आतून एक ठोका आला. तिनं मारलं.

ताणलेला पत्रा गॅसवर लाल करून ओल्या फडक्यानं आवळावा लागला. ते साईशनं केलं, बाप ठोके देईल तसं. दिवसभर काम चाललं. कृष्णनाथाचा हात दर दहा मिनिटांनी गळून जायचा, मग सगळे थांबायचे, सुविधा त्याला पेज भरवायची. चंद्रावतीच्या तळहाताला फोड आले. दोनदा दोघांचं भांडणही झालं, म्हणजे तो दोन ठोके देई आणि ही म्हणे अजून एक मारूया, आणि तो डोळे वटारी. तिसऱ्या वेळी तिनं ऐकलं.

रविवारी दहा वाजता गौरेश क्रेन घेऊन आला तेव्हा एक चेप उरली होती. त्याला पायरीवर बसवून ठेवलं. तो दोन वेळा घड्याळ बघून उठला, दोन्ही वेळा सुविधानं त्याच्यापुढं चहा ठेवला. अकराच्या पुढं शेवटचे दोन ठोके आले, आणि त्यानंतर काही आलं नाही. चंद्रावतीनं मडगार्डवर फडकं टाकून त्यावरून हात फिरवला, जसा कृष्णनाथ फिरवायचा. कुठं अडला नाही.

गौरेशनंही फिरवला. मग वाकून आतून बघितलं, बोटानं वाजवून बघितलं.

"मेस्ता," मिस्त्रीला मान देऊन हाक मारावी तसा तो कृष्णनाथाला म्हणाला, "सूर्यफुलां काडूची नाय ह्याच्यार."

टक्.

साईशनं मडगार्ड बोल्टांवर चढवलं. क्रेननं पिकपचं नाक उचललं, ती फाटकातून बाहेर पडली, वळणावरच्या काजूच्या झाडाआड गेली. कृष्णनाथ बघत होता. रडला नाही. साईश आणि सुविधा गौरेशबरोबर हरमलला गेली, गाडी उभी करून यायला.

माटवाखाली तेलाचे डाग आणि चार चाकांच्या खुणा उरल्या. चंद्रावतीला ते बघवेना. तिनं खुर्ची ओसरीवर आणली, लगेच केरसुणी घेऊन ती जागा झाडायला लागली. हातोड्या पोत्यात भरल्या. माटवाचा कोपरा झाडताना तिला आठवलं, दुपारचं जेवण व्हायचंय, केरसुणी टाकून ती आत निघाली, वाटेत वाळत घातलेले कपडे दिसले म्हणून तिकडं वळली.

टक् टक्.

"काय नको?" तिनं तिथूनच विचारलं. गेले दोन दिवस ती असंच विचारत होती. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नको.

टक् टक्.

"अहो, पण मी काय विचारलंयच नाय..." आणि कपडे हातात असतानाच ती थबकली. तिनं काही विचारलं नव्हतं. समोर पत्रा नव्हता, हातोडी नव्हती. आणि दोन ठोक्यांचा अर्थ नको असा कधीच नव्हता. खरा अर्थ तिनंच ठरवला होता, तीस वर्षांपूर्वी, मडगार्डच्या अंधारात बसून.

इस्पितळात ती खाटेभोवती फिरत असायची तेव्हाची टकटक. घरी ती ओसरीवरून आत, आतून ओसरीवर धावायची तेव्हाची. कुलेर ताटलीवर वाजायची ती घास त्याच्या तोंडात कोंबून ती उठू लागायची तेव्हा.

थांब.

चंद्रावतीनं हातातले कपडे पुन्हा दोरीवर टाकले. ओसरीवर येऊन ती खुर्चीच्या डाव्या बाजूला, भिंतीला टेकून, चांगली मांडी घालून बसली. त्याचा हात नळीवरून खाली आला आणि तिच्या डोक्यावर राहिला. त्या दिवशी त्या घरात दुपारचं जेवण साडेतीनला झालं.